अठरा पूर्ण होण्याआधी राहायची जागा पक्की कशी करायची

तुला सतरावं सरत आलं असेल, बालगृहासारख्या संस्थेत “आता पुढं काय?” असं विचारायला लागले असतील, तर हे तुझ्यासाठी लिहिते आहे. मी सोलापुरातच बालगृहात वाढले. आज अक्कलकोट रोडला युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कटिंग बघते. संस्थेतून बाहेर पडलेली पोरंपोरी माझ्याकडं खोलीची चौकशी करत येतात. त्यांना जे सांगते, तेच इथं सांगते.

सगळ्यात आधी हे: काम आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात देऊ नको. सोलापुरात “राहायची-खायची सोय आहे, ये” म्हणणारे खूप भेटतील. हॉटेलात वरच्या माळ्यावर झोपायचं, कारखान्यात मालाच्या गठ्ठ्यांशेजारी पथारी टाकायची. पहिला महिना बरा जातो. मग मालकाशी वाजतं किंवा काम कमी पडतं, आणि ज्या दिवशी काम सुटतं त्याच रात्री झोपायची जागाही सुटते. मी बघितलेली बहुतेक पोरं स्टँडवर गेली ती अशीच. नाइलाजानं अशी जागा घ्यावीच लागली तर घे, पण मूळ कागदपत्रं मालकाकडं ठेवायची नाहीत आणि उचल घ्यायची नाही. उचल फिटेपर्यंत तुला तिथून हलता येत नाही.

आता संस्थेत असतानाच करायची कामं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४६ मध्ये, अठरा पूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत देण्याची तरतूद आहे. याला अनुरक्षण म्हणतात. ते २१ वर्षांपर्यंत असतं, खास कारण असेल तर २३ पर्यंत वाढवता येतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरलेत. पण हे पैसे आपोआप येत नाहीत. बाहेर पडायच्या दोन महिने आधी तुझा पुढचा आराखडा बाल कल्याण समितीसमोर (संस्थेतल्या मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) जायला हवा, असं नियमात आहे. म्हणून संस्थेतल्या मॅडमना किंवा सरांना आजच विचार, “माझा आराखडा केला का? त्यात राहायचं काय लिहिलंय?” “बघू” असं उत्तर आलं तर साध्या कागदावर अर्ज लिही, जिल्हा बाल संरक्षण कक्षात दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घालून पोच घे. पोच हातात असली की पुढच्या वेळी बोलणं वेगळं होतं. अनुरक्षणगृह, म्हणजे अठरानंतर राहायची संस्था, प्रत्येक जिल्ह्यात नाही, त्यामुळं त्याच्या भरवशावर राहू नको. सहा-आठ जणांनी मिळून राहायची सोयही नियमात आहे, तीही मागून बघ.

कागदांत एक गोष्ट सगळेच विसरतात. तुझ्या आधारला मोबाइल नंबर कुणाचा आहे? बहुतेक वेळा संस्थेतल्या कुणाचा तरी असतो. बाहेर पडल्यावर बँकेचं, सिमचं, फॉर्मचं कुठलंही काम काढलं की ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, आणि तोवर त्यांची बदली झालेली असते. स्वतःचं सिम मिळालं की पहिलं काम म्हणजे आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलणं. बँकेचं खातं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, म्हणून उघडलेलं असेल तर अठरा झाल्यावर नव्यानं केवायसी करून स्वतःच्या नावावर करून घे. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं मार्कशीट, जातीचा दाखला असेल तर तो, आणि समितीच्या आदेशाची प्रत हे सगळं मूळ स्वरूपात ताब्यात घे आणि फोटो काढून ठेव.

आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचा प्रस्ताव संस्थेत असतानाच जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातून पाठवायला लाव. २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. पुढं शिकायचं असेल तर राहण्यासाठी मी पहिल्यांदा समाजकल्याणचं शासकीय वसतिगृहच सांगते. तिथं २ टक्के जागा अनाथांसाठी असतात, राहणं-जेवण फुकट असतं. फक्त प्रवेशाची तारीख चुकवू नको.

खोली बघायला एकटं जाऊ नको आणि एकटं घेऊही नको. तिघं मिळून घेतली की डिपॉझिट झेपतं. घरमालकीण काय विचारणार ते ठरलेलं आहे. “गाव कुठलं गं? घरी कोण कोण असतं?” इथं खोटं बोलू नको, आधार दाखवलं की पत्त्यावरून कळतंच. सरळ सांग, “अक्का, मी बालगृहात वाढले. अमुक ठिकाणी कामाला आहे. हा आमच्या मॅडमचा नंबर, हा सुपरवायझरचा. आत्ताच बोलून घ्या.” नंबर त्याच क्षणी लावून हातात फोन दिलास की समोरच्या माणसाचा आवाज बदलतो. मॅडमना आणि सुपरवायझरना मात्र आधी सांगून ठेव. नकार आला तर तो पहिल्याच दिवशी आलेला बरा.

करार लेखी माग. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लेखी, नोंदणी केलेला करार करून देणं ही मालकाची जबाबदारी आहे. भाडं शक्यतो ऑनलाइन दे, रोख दिलं तर वहीत सही घे.

आमच्या धंद्यात शाळा सुरू होईपर्यंत रात्रपाळी चालते आणि जूननंतर काम ढिलं पडतं. गड्ड्याच्या यात्रेतलं, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतलं, स्टॉलचं कामही यात्रा उठली की संपतं. म्हणून हंगामाच्या पैशातून दोन महिन्यांचं भाडं वेगळं काढ आणि त्याला हात लावू नको. कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी खोलीत असली की मेस बंद ठेवूनही आठवडा निघतो.

मुलींना एक गोष्ट कळकळीनं सांगते. राहायला जागा नाही म्हणून लग्नाला हो म्हणू नका. स्थळ चांगलं असेल तर ते सहा महिने थांबेल. तोवर स्वतःची खोली, स्वतःचं खातं, स्वतःचं काम होऊ द्या. आमच्यातल्या काही जणींना सासर सुटल्यावर जायला कुठलंच दार नव्हतं.

आणि जागा सुटलीच, तर रात्र स्टेशनवर काढू नको. अठरा पूर्ण नसतील तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लाव. मुलगी असशील तर १८१ हा महिलांचा मदत क्रमांक लाव, अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहता येतं. मुलांनी महापालिकेच्या बेघर निवाऱ्याची चौकशी करायची. सकाळी पोच घेतलेला तो अर्ज घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. तेवीसच्या आत असशील तर अनुरक्षणासाठी पुन्हा लेखी मागणी कर, आणि जाताना कुणालातरी सोबत ने.