पीएसए तपासणी: आधी, त्या दिवशी आणि नंतर

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांत रक्तदाब आणि साखर नेमाने तपासणारे गृहस्थही प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा, विषय बहुधा संकोचामुळे टाळतात. परंतु प्रोस्टेटचा कर्करोग आरंभी लक्षणे दाखवीलच असे नाही. म्हणून पन्नाशीनंतर, आणि वडिलांना किंवा भावाला तो झालेला असल्यास ४० ते ४५ च्या सुमारास, तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. सत्तरीनंतर ती सरसकट सुचवली जात नाही.

पीएसए ही प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण मोजणारी रक्ताची साधी तपासणी असून तिच्यासाठी उपाशी राहण्याची गरज नसते. मात्र आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल चालवणे टाळावे. लघवीचा संसर्ग झाला असल्यास तो बरा झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबावे. वाढलेल्या प्रोस्टेटवर दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या गोळ्या पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर आणतात, त्यामुळे चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. माझ्या मते हीच गोष्ट सर्वाधिक विसरली जाते.

आकडा ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आला म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही, कारण ग्रंथीची वयोमानानुसार होणारी वाढ किंवा सूज यांनीही तो चढतो. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी. तरीही आकडा चढलेला राहिल्यास मूत्ररोगतज्ज्ञ एमआरआय आणि गरजेनुसार बायोप्सी (ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणे) सुचवतात. बायोप्सीत सौम्य, मंद वाढणारी गाठ आढळली, तर तत्काळ शस्त्रक्रियेऐवजी ठरावीक काळाने देखरेख ठेवण्याचा पर्यायही असतो, आणि तो डॉक्टरांना आवर्जून विचारावा.