विंडोज, मॅक की लिनक्स: दोन दिवस बसा, मग ठरवा

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. कोर्टाची प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नपत्रिका, अर्ज, बायोडाटा, जे येईल ते करते. २२ वर्षं झाली. दुकानात विंडोजचे दोन डेस्कटॉप आहेत आणि एका जुन्या मशीनवर मिंट हा लिनक्सचा एक प्रकार टाकलाय. घरी मुलीचा मॅकबुक, म्हणजे ॲपलचा लॅपटॉप आहे, ती डिझाइनचं काम करते. तिन्हींवर रोज हात पडतो, म्हणून गिऱ्हाईक प्रिंटची वाट बघता बघता विचारतं, "ताई, कॉम्प्युटर घ्यायचाय, कोणता घेऊ?"

पूर्वी मी लगेच नाव सांगायचे. आता उलट विचारते: गेल्या आठवड्यात तुम्ही कॉम्प्युटरवर काय काय केलंत? तेवढं कागदावर लिहून आणा. पाच कामं पुरतात, पण ती खरी हवीत. 'इंटरनेट बघतो' एवढं लिहून भागत नाही. 'जीएसटीचं रिटर्न डिजिटल सहीच्या टोकनने भरतो', 'द्राक्षाच्या गाड्यांचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो', 'मुलाला ऑनलाइन क्लास लावून देते' असं लिहा. निम्मा निकाल या कागदावरच लागतो. यादीत टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर विंडोज घ्या, कारण टॅली विंडोजसाठीच येतं. मॅकवर किंवा लिनक्सवर ते आडमार्गाने चालवता येतं, पण हिशेबाचं काम आडमार्गावर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सहीचं टोकन असेल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, कोणत्या सिस्टिमला मिळतो हे टोकन देणाऱ्याला आधी विचारा. प्रिंटर आणि बारकोड स्कॅनरचंही तेच.

यादीत अशी अडवणारी वस्तू नसेल, तर खरी तुलना सुरू होते.

ती दुकानात उभं राहून होत नाही. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात मशीन नवं असतं, स्क्रीन झगझगीत असतो, बाजूला सांगणारा माणूस असतो. तिथे सगळंच सोपं वाटतं. ओळखीच्या कुणाकडे विंडोज असेल, कुणाकडे मॅक असेल. त्यांच्याकडे अर्धा-पाऊण तास मागून घ्या. लिनक्ससाठी तर कुणाकडे जायलाही नको. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट किंवा उबुंटू (हाही लिनक्सचाच प्रकार) त्यातून कॉम्प्युटर सुरू होईल अशा रीतीने टाकून घेतलं की तुमचा आत्ताचाच कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघता येतो. आतल्या डिस्कला हात लागत नाही. फक्त सुरू झाल्यावर 'इन्स्टॉल' नावाच्या चिन्हावर क्लिक करू नका.

मग पाचही कामं ओळीने करा आणि जिथे हात थांबतो तिथे कागदावर एक रेघ मारा. बाजूला बसलेल्याने तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीच कामं, त्याच मशीनवर पुन्हा. पहिल्या दिवसाच्या रेघा बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवसाच्या मोजा. पहिल्या दिवशीचा गोंधळ सवयीचा असतो. रात्र गेल्यावरही जो उरतो, तो त्या मशीनचा आणि तुमच्या हाताचा खरा हिशेब.

हे मला माझ्या सासूबाईंमुळे कळलं. आई ७१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. भिशीचा हिशेब ठेवायचा, आठवणी लिहून काढायच्या आणि त्या छापून मावशींना द्यायच्या, एवढीच त्यांची यादी. आधी त्यांना मॅकवर बसवलं. लिहून झाल्यावर खिडकी बंद करायला बाण घेऊन त्या उजव्या कोपऱ्यात गेल्या, कारण दुकानात माझ्या मागे बसून त्यांनी तेच पाहिलेलं. मॅकवर ते बटण डाव्या कोपऱ्यात, लाल ठिपका. बाण उजवीकडे दोनदा फिरला, मग आईंनी माऊसवरून हात उचलून मांडीवर ठेवला. मी एक रेघ मारली. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना पुन्हा अडल्या, कारण तिथे फाइलला 'कट' नसतं. आधी कमांड आणि सी दाबून कॉपी, मग ऑप्शन, कमांड आणि व्ही एकदम दाबून हलवायची. पहिल्या दिवशी ११ रेघा. दुसऱ्या दिवशी ३, आणि त्या तिन्ही फाइल हलवण्याच्याच.

विंडोजवर पहिल्या दिवशी ७ आणि दुसऱ्या दिवशी ५. हे मला अनपेक्षित होतं, कारण त्या विंडोजच बघत आलेल्या. कागद बघितल्यावर कारण सापडलं. बाण कडेला गेला की बातम्या आणि हवामानाचा पडदा उघडायचा, आणि आईंना वाटायचं आपलं काही चुकलं. टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन 'विजेट्स' बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी बसवलं, तेव्हा एकच रेघ पडली. म्हणून निकाल लावण्याआधी प्रत्येक रेघ कशामुळे पडली ते बघा. काही रेघा एका सेटिंगने पुसल्या जातात, काही कायमच्या असतात.

मिंटवर ६ आणि मग २. खाली डावीकडे मेनू, त्यात सगळं, आणि मधूनच काही उघडत नाही.

मराठी टायपिंगला वेगळा वेळ द्या. 'येतं का' एवढंच विचारून चालत नाही, तिन्हींवर येतं. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा ठरावीक कीबोर्ड तिन्हीकडे मिळतो आणि अक्षरांच्या जागा त्याच, त्यामुळे ज्याने इन्स्क्रिप्ट शिकलंय त्याचा हात कुठेच अडत नाही. अडतो तो उच्चाराप्रमाणे टायपिंग करणाऱ्याचा, कारण तिथे प्रत्येक सिस्टिमची तऱ्हा वेगळी. तपासायला मी हे चार शब्द देते: दुसऱ्या, तऱ्हेवाईक, ॲप, बाळ. पहिल्या दोनांतला अर्धा र नीट आला पाहिजे. इन्स्क्रिप्टमध्ये तो नुक्त्याचा ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतो, ळ शिफ्ट आणि एन दाबून. 'दुसर्या' असं उमटलं आणि ते सुधारायला तुम्हाला दोन मिनिटं लागली, तर दिवसभरात किती वेळ जाईल ते मोजा. मला कोर्टाच्या कामात 'दुसर्या' चालत नाही, आणि कुणालाच चालू नये.

दुसरी तपासणी फॉन्टची. विंडोजवर मंगल किंवा निर्मला, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. एकावर लिहिलेलं पान दुसऱ्यावर उघडलं की फॉन्ट बदलतो आणि ओळींची उंचीही. भाडेकरार स्टॅम्पपेपरवर छापताना सहीची ओळ दुसऱ्या पानावर गेली की तो स्टॅम्पपेपर वाया. असे दोन मी गमावलेत. आता तिन्ही मशीनवर मी मुक्ता हा एकच फॉन्ट टाकून ठेवलाय, तो फुकट मिळतो, आणि छापायचं असेल तर पीडीएफ करूनच पाठवते.

पेन ड्राइव्हचं थोडक्यात: विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने तयार केलेला ड्राइव्ह मॅकवर वाचता येतो, पण त्यावर जसाच्या तसा लिहिता येत नाही. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, तिन्हींवर चालतो. आधी आतलं काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.

आता भरवशाचं.

२०१९ च्या पावसाळ्यात एका दुपारी लाइट दोनदा गेली. दुसऱ्यांदा आल्यावर मशीनमधून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला आणि पडदा काळाच राहिला. तीन वर्षांच्या पत्रिका, करारांचे नमुने, सगळं त्यात. दुरुस्तीवाल्या दादांनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, कानाशी धरली आणि मान हलवली. मी विंडोजला बोल लावत होते. ते म्हणाले, "ताई, ही डिस्क मॅकमध्ये असती तरी गेलीच असती. कॉपी कुठाय?" कॉपी नव्हती.

तेव्हापासून मी भरवसा एकाच मापाने मोजते: बिघडल्यापासून काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो. मशीन बिघडणार नाही असं कुणी म्हटलं तरी ते ऐकून घेऊ नका.

आधी मशीनची जुनी तब्येत बघा. विंडोजमध्ये स्टार्टच्या शोधात 'रिलायबिलिटी' टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. दिवसवार आलेख असतो, १ ते १० अंक, आणि प्रोग्रॅम किंवा विंडोज कोसळलं त्या दिवशी लाल फुली. सेकंडहँड घेताना विकणाऱ्यासमोर हे उघडा. नुसतं फुल्यांकडे बघू नका, फुलीवर क्लिक करून कोणता प्रोग्रॅम पडला ते वाचा. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष त्या प्रोग्रॅमचा असू शकतो. विंडोजच पुन्हा पुन्हा अचानक बंद पडत असेल तर ते मशीन घेऊ नका. डिस्कची तब्येत विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम, मॅकवर डिस्क युटिलिटी आणि मिंटवर 'डिस्क्स' सांगतं.

मग वय. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. सातव्या पिढीचं मशीन स्वस्तात देतो म्हणणारे सध्या खूप भेटतील. ते मिंट टाकायला छान आहे, विंडोजसाठी नाही. मॅकमध्ये २०२० च्या नोव्हेंबरपासून ॲपलचे स्वतःचे एम१ आणि पुढचे प्रोसेसर आले, आणि इंटेलवाल्या मॅकना मिळणारी शेवटची आवृत्ती मॅकओएस २६ ही आहे. म्हणून जुना इंटेल मॅक कितीही चकचकीत दिसला तरी सोडा.

दुरुस्तीत मॅक आणि डेस्कटॉप यांच्यात फार फरक आहे. माझ्या डेस्कटॉपची डिस्क गेली तर गावात नवी मिळते आणि तासा-दोन तासांत बसते. नव्या मॅकबुकमध्ये रॅम आणि साठवण बोर्डालाच जोडलेली असते. बोर्ड गेला की आतलं सगळं गेलं समजा, आणि नंतर रॅम वाढवताही येत नाही, जी घ्यायची ती पहिल्याच दिवशी. दुसऱ्या बाजूला, एम प्रोसेसरच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि रस्त्याची धूळ आत येते, तेव्हा माझ्या डेस्कटॉपचे पंखे महिन्याला साफ करावे लागतात. एअरमध्ये धूळ ओढलीच जात नाही. फार तापला तर तो काम हळू करतो, एवढंच.

लाइट जाण्यावर लॅपटॉपला बॅटरी आहे, डेस्कटॉपला यूपीएस हवाच. त्याचे पैसे किंमतीत धरूनच तुलना करा.

आणि कॉपी. मॅकचं टाइम मशीन यात सगळ्यांत पुढे आहे हे मी मोकळ्या मनाने सांगते. बाहेरची डिस्क लावा, एकदा 'हो' म्हणा, पुढे दर तासाला कॉपी होते. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे, तीही तासागणिक कॉपी घेते, पण ती कंट्रोल पॅनेलमधून शोधून चालू करावी लागते. मिंटमध्ये एक फसगत होते. टाइमशिफ्ट चालू केलं की लोकांना वाटतं सगळं सुरक्षित झालं. टाइमशिफ्ट सिस्टिमची कॉपी ठेवतं, तुमची कागदपत्रं ते आपणहून घेत नाही. त्यासाठी मिंटचंच बॅकअप टूल वेगळं वापरा. मिंटचं एक मला फार आवडतं: अपडेट झालं तरी ते कामाच्या मध्ये स्वतःहून बंद-चालू होत नाही. विंडोजमध्ये त्यासाठी 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये दुकानाची वेळ भरून ठेवा.

कॉपी चालू झाली की एक फाइल मुद्दाम पुसा, बिनमहत्त्वाची, आणि घड्याळ लावून परत आणा. आईंनी स्वतः हे करून बघितलं. मॅकवर चार मिनिटं, विंडोजवर नऊ, मिंटवर सहा. शेवटी त्यांच्यासाठी मिंटचं मशीन ठरलं. दुकानातलंच जुनं होतं, पैसे लागले नाहीत, आणि टॅली त्यांना लागत नाही. मी स्वतः दुकानात विंडोजवरच आहे, कारण २००४ पासूनच्या उरलेल्या पत्रिका ज्या जुन्या लिपी सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते दुसरीकडे चालत नाही. मुलीला मॅक सोडून काही नको.

घ्यायला जाताना तुमचा प्रिंटर किंवा निदान त्याचा मॉडेल नंबर, टोकन, पेन ड्राइव्ह आणि ते चार शब्द लिहिलेला कागद बरोबर न्या. पैसे देण्याआधी मशीन सुरू करून ते चार शब्द टाइप करा, पेन ड्राइव्हवर ठेवा, छापून घ्या. रॅम किती, डिस्क कोणती, प्रोसेसर कोणत्या पिढीचा, वॉरंटी कुठे आणि किती दिवस, हे सगळं बिलावर लिहून घ्या. तोंडी 'ताई, काळजी करू नका' असं म्हणाले तरी बिलावर लिहूनच घ्या.