जोराच्या रक्तस्रावात रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे

ऊसतोडीत पायावर कोयता बसतो, यंत्रमागाच्या कारखान्यात हात यंत्रात सापडतो किंवा पुणे-सोलापूर महामार्गावर दुचाकी घसरते, तेव्हा पहिली काही मिनिटे जवळच्या माणसाच्याच हाती असतात. प्रौढ शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते आणि मोठी धमनी तुटली, तर ते फार वेगाने जाते. रक्त उसळून बाहेर येत असेल किंवा जमिनीवर थारोळे साचत असेल, तर आधी यंत्र बंद करावे, १०८ वर फोन करण्यास दुसऱ्या कोणास सांगावे आणि आपण लगेच जखमेवर दाब द्यावा.

सोलापुरात टॉवेल घरोघरी असतो, म्हणून पहिला हात त्याकडेच जातो. परंतु जाड टॉवेल नुसता गुंडाळला, तर तो रक्त शोषत राहतो आणि आत रक्त वाहतेच आहे हे बाहेरून कळत नाही. आपल्याला रक्त टिपायचे नसून दाबून धरायचे आहे. त्यासाठी जखमेवरचा कपडा फाडून रक्त नेमके कोठून येते ते पाहावे, स्वच्छ सुती कापडाची घट्ट, लहान घडी तेथेच ठेवावी आणि कोपर ताठ ठेवून, अंगाचा भार टाकून, किमान १० मिनिटे सलग दाबावे. थांबले का, हे मध्येच उचलून पाहू नये. घडी भिजल्यास तिच्यावर दुसरी ठेवावी. आपल्या हातात हातमोजे, निदान प्लॅस्टिकची पिशवी असावी.

जांघ किंवा काखेतील खोल जखमेत कापड बोटांनी तळापर्यंत ठासून भरावे व वरून दाबावे. छाती-पोटाच्या जखमेत मात्र काहीही कोंबू नये. रुतलेली काच किंवा सळई उपसू नये, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा.

हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, तरच आवळपट्टी बांधावी. सुतळी किंवा तार नको. चार बोटे रुंद, मजबूत पट्टी जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, ५ ते ७ सेंटिमीटरवर, सांधा टाळून बांधावी आणि गाठीत काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळावी. रुग्ण वेदनेने ओरडेल, तरी ती सैल करू नये. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी.

हळद, कॉफी पूड, चुना यांपैकी काहीही जखमेत घालू नये. त्याने धमनी बंद होत नाही आणि पुढे डॉक्टरांना जखम साफ करणे अवघड जाते. रुग्णाला आडवे झोपवून चादर पांघरावी, भर मे महिन्यातही, कारण अंग गार पडले की रक्त गोठणे मंदावते. पाणी किंवा चहा देऊ नये.

अपघातग्रस्ताला मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अजूनही आहे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. रुग्णवाहिका आल्यावर आवळपट्टीची वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगावी.