पेठेतल्या हॉलमध्ये आईबापांना कसं आणायचं: समलिंगी हक्कांसाठी छोटा मराठी कार्यक्रम

प्राइड, म्हणजे समलिंगी हक्कांची रॅली, झाली की पुढचे चार-पाच दिवस मला मेसेज येत राहतात, ताई आम्हालापण काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू. माझं उत्तर ठरलेलं आहे, एक छोटा हॉल घ्या, मराठीत कार्यक्रम करा आणि आईबापांना बोलवा. रॅली हवीच, 11 डिसेंबर 2011 ला पुण्यात पहिली प्राइड निघाली तेव्हापासून कितीतरी पोरापोरींना कळलं की या शहरात आपल्यासारखे अजून आहेत, पण जंगली महाराज रोडवर झेंडा घेऊन चालायला तुमची आई येत नाही हो, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. ती येते हॉलमध्ये, दाराजवळची शेवटच्या रांगेतली खुर्ची धरून, पर्स मांडीवर घट्ट ठेवून. ती दोन तास बसली की घरी जेवताना पहिल्यांदा विषय निघतो, आणि मला तेच पाहिजे असतं.

तर हे सगळं साठ-सत्तर माणसांच्या कार्यक्रमासाठी आहे. अभिवाचन, मग चहा, मग गप्पा.

आधी भाषेचं बोलते. पुण्यात हे काम मराठीत उभं राहिलं ते काही आपोआप झालं नाही. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केली आणि समलिंगी असणं म्हणजे काय हे साध्या मराठीत लिहून, बोलून, कॉलेजांमध्ये जाऊन सांगितलं, म्हणून आज आपल्या तोंडात हे शब्द आहेत. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने घरी धीर करून सांगितलं, आई मी लेस्बियन आहे, तर आईला वाटलं आजाराचं नाव आहे, ती म्हणाली कुठल्या डॉक्टरने सांगितलं? आईची काही चूक नव्हती, तिने तो शब्दच ऐकलेला नव्हता. त्यामुळे स्टेजवरून पहिल्याच दोन मिनिटांत सोप्पं वाक्य हवं, की काही बायकांना बायकांबद्दलच प्रेम आणि ओढ वाटते, काही पुरुषांना पुरुषांबद्दल, त्यांना समलिंगी म्हणतात आणि अशी माणसं सगळ्या गावांत, सगळ्या जातींत, सगळ्या घरांत असतात. क्वीअर, इंटरसेक्शनल वगैरे शब्द आपल्या आपल्यात ठीक आहेत, तिथे नको.

अभिवाचनच का, तर त्याला नेपथ्य लागत नाही, लाइट लागत नाहीत, पाठांतर लागत नाही, चार खुर्च्या आणि दोन माइक पुरतात. पण खरं कारण वेगळंय. ज्याने घरी सांगितलेलं नाही तो आपली गोष्ट पत्रासारखी लिहून देऊ शकतो आणि दुसरा कोणीतरी ती वाचतो. लिहिणारा प्रेक्षकांत बसून स्वतःचे शब्द ऐकतो, शेजारच्याला पत्ताही नसतो. आमच्याकडे एकदा एका पन्नाशीच्या गृहस्थांचं पत्र वाचलं होतं, वाचणारा मुलगा बावीस वर्षांचा होता, आणि मला माहीत होतं ते काका कुठे बसलेत, वाचन चालू असताना ते चष्मा काढून रुमालाने पुसत होते, पुसून झाला तरी पुसतच होते. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

असं लिखाण गोळा करायला दोन महिने धरा. प्रत्येक तुकडा पाच मिनिटांच्या आत, एकूण पन्नास मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. ओळखीचे तपशील बदला, म्हणजे नुसतं नाव नाही, गाव, नोकरी, भावंडं किती, सगळंच, कारण पुणं लहान आहे आणि प्रेक्षकांत कोणीतरी हमखास त्यांच्या सोसायटीतलं निघतं. छापील काही वाचणार असाल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. आणि पूर्ण नाटकच बसवून प्रयोग लावणार असाल तर आपल्या राज्यात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, संहिता आधी द्यावी लागते, ते महिनाभर आधीच सुरू करा. फिल्म दाखवणार असाल तर सेन्सॉरचा दाखला आहे ना हे बघा, कोणाच्या लॅपटॉपमध्ये आहे म्हणून ती लोकांसमोर लावता येत नाही.

क्रम लावताना माझं एक ठाम मत आहे, दुःखाने सुरुवात करू नका आणि दुःखावर संपवूही नका. मराठी रंगभूमीवर बाईचं बाईवरचं प्रेम तेंडुलकरांनी 1981 मध्येच ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात आणलं, मोठी गोष्ट होती ती, पण तिचा शेवट मृत्यूत होतो. आयांच्या मनात तीच भीती आधीपासून असते, की माझ्या पोरीचं पुढे काय होणार, म्हातारपणी कोण बघणार. म्हणून पहिला तुकडा रोजच्या संसाराचा ठेवा, गॅस कोणी बुक करायचा, पाहुण्यांना काय सांगायचं, रविवारी मंडईतून भाजी कोण आणणार. दोन बायकांचं घर कसं चालतं हे बऱ्याच आयांनी कधी डोळ्यासमोर आणलेलंच नसतं, त्यांना ते दिसू दे.

आता हॉल. एस. एम. जोशी सभागृह, पत्रकार भवन, सुदर्शन रंगमंच, अशा लोकांच्या पायाखालच्या जागा बघा, रिक्षावाल्याला पत्ता समजावायला लागू नये. जिने किती आहेत ते स्वतः चढून बघा, येणाऱ्यांचे गुडघे दुखत असतात. सगळ्यात महत्त्वाचं, बुकिंगच्या अर्जात विषय स्पष्ट लिहा. आम्ही सुरुवातीला नुसतं साहित्यिक कार्यक्रम असं लिहिलं होतं, एका ठिकाणी दोन दिवस आधी त्यांना कळलं आणि डिपॉझिट परत देऊन मोकळे झाले, पत्रिका सगळीकडे गेल्या होत्या, फोन करून करून घसा बसला. तेव्हापासून पहिल्या ओळीतच लिहितो, समलिंगी व्यक्तींच्या जीवनावर अभिवाचन आणि चर्चा, आणि सही-शिक्क्याची पोच घेतो. नाही म्हणायचंय तर आधीच म्हणू दे.

वेळ संध्याकाळी सातची ठेवू नका. आमचे पहिले दोन कार्यक्रम सातचे होते आणि हॉलमध्ये नुसती मुलं, मुली सहा-सात. मग एकजण म्हणाली की ताई साडेनऊला कार्यक्रम सुटल्यावर मी वडगावला कशी जाऊ आणि घरी काय सांगू. रविवारी दुपारी चार ते सहा केलं, निम्म्या खुर्च्यांवर बायका होत्या. समलिंगी हक्क म्हटलं की पुरुषांचेच चेहरे पुढे दिसतात त्यामागे अशीच साधी कारणं असतात, त्यामुळे वेळ ठरवताना दोन बायकांना विचारा आणि स्टेजवरही निम्म्या बायका ठेवा.

लोकांची माहिती जपणं हे सगळ्यात वरचं काम. पहिल्या वर्षी आम्ही दारात टेबल मांडून छान निळ्या कव्हरची वही ठेवली, नाव, फोन, सही. मी तिथेच उभी होते. एक मुलगा आला, वही बघितली, पेन हातात घेतलं, ठेवलं, फोन आल्यासारखं केलं आणि जिना उतरून गेला, परत आलाच नाही. त्यानंतर अजून दोघं तसेच गेले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी वही उचलून पिशवीत टाकली. नावं घेऊच नका. ज्यांना पुढचं कळवायचंय ते तुमचा नंबर घेऊन जातील. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुपपण करू नका, ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, ब्रॉडकास्ट लिस्ट करा, फक्त त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असला पाहिजे एवढं सांगून ठेवा.

फोटोचंही तसंच. आमच्या एका कार्यक्रमाचा फोटो एका पेपरात आला, चांगल्या हेतूनेच आला असेल, पण त्यात मागच्या रांगेतल्या मुलाचा चेहरा स्वच्छ दिसत होता, दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी चुलत्यांनी तो बघितला आणि पोराला पुढचे आठ महिने घरी जाता आलं नाही. त्याला मी काय सांगणार होते? आता आम्ही फोटो फक्त स्टेजचा, तोही वाचणाऱ्यांना विचारून, आणि पत्रकारांना हे आधी लेखी देतो. प्रेक्षकांना सुरुवातीला, चहाच्या आधी आणि शेवटी असं तीनदा सांगतो की मोबाइल खाली. एक कार्यकर्ता फक्त याच कामाला उभा असतो.

पोलिसांना घाबरू नका, पण हॉलमधल्या कार्यक्रमाचंही एक पत्र जवळच्या पोलीस स्टेशनला द्या, तारीख, वेळ, जागा, अंदाजे लोक, तुमचा फोन, आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. कोणी गोंधळ घालायला आलं तर ती प्रत दाखवता येते. रस्त्यावर रॅली काढायची असेल तर परवानगी लागतेच, मार्गाचा नकाशा, सुरू आणि संपायची वेळ, स्वयंसेवक किती हे सगळं लिहून. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश पुण्यात वरचेवर निघतात, त्यामुळे आपण तर शांतपणेच चालणार आहोत असं म्हणून बिनपरवाना जमू नका, पहिल्यांदा आलेल्या मुलांना पोलीस केस अंगावर घेणं परवडत नाही.

प्रश्नोत्तरांची तयारी मात्र नीट करा, कारण आई शेवटच्या रांगेतून विचारत नाही, चहाच्या वेळी कोपऱ्यात गाठून विचारते. हे कायद्याने चालतं का? तर सांगायचं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं इंग्रजांच्या काळातलं कलम 377 होतं, 2009 मध्ये दिल्ली हायकोर्टाने दिलासा दिला, 11 डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टाने तो काढून घेतला, बरोबर पहिल्या पुणे प्राइडच्या दुसऱ्या वाढदिवशी, आणि 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. औषधाने बरं होतं का? हा आजारच नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच आजारांच्या यादीतून काढलं, आपल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये तेच जाहीर केलं, आणि बरं करून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्या डॉक्टरांबद्दल नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय की हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. शक्य असेल तर एखादे मराठी बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ प्रेक्षकांत बसवा, बरेच वडील डॉक्टरांचं ऐकतात.

हे परदेशातून आलेलं फॅड आहे, असं एक आजोबा हमखास म्हणतात. त्यांना र. धों. कर्व्यांचं सांगा, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. समाजस्वास्थ्य मासिक त्यांनी 1927 ते 1953 चालवलं, त्यात वाचकांनी मराठीत विचारलेल्या समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नांनाही ते उत्तरं द्यायचे, आणि 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हे ऐकल्यावर हॉल शांत होतो.

आणि लग्नाचा प्रश्न आला की खोटी आशा देऊ नका. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला, हेच खरं. पण तिथे थांबू नका, जे करता येतं ते दाखवा. 28 ऑगस्ट 2024 ला केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही अडकाठी नाही. त्यावर आम्ही चहाच्या टेबलाशेजारी एक खुर्ची टाकून वकील बसवतो. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हे तिथे समजावून सांगतात, बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते पण नातेवाईक हक्क सांगू शकतात, म्हणून मृत्युपत्र करायचं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. त्या खुर्चीसमोर कायम रांग असते.

पैशाचं थोडक्यात. पहिल्यांदा ट्रस्ट, सोसायटी काढायच्या मागे लागू नका, पाच-सहा जणांत हॉल, माइक, चहा वाटून घ्या आणि दारात डबा ठेवा. पुढे संस्था नोंदवायची तर सोसायटीला किमान सात सभासद लागतात. अमेरिकेतला मित्र पैसे पाठवतो म्हणाला तर ते संस्थेसाठी घेऊ नका, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय परदेशी पैसा घेता येत नाही.

कार्यक्रम संपला की लगेच पांगू नका. ज्यांचं पत्र वाचलं त्यांना त्याच रात्री फोन करा, त्या रात्री माणूस फार हळवा झालेला असतो. घरी सांगायचं का असं कोणी विचारलं तर हो किंवा नाही म्हणू नका, राहायला दुसरी जागा आहे का, कमाई स्वतःची आहे का, एवढं आधी विचारा.

पुढची तारीख हॉलवाल्यांकडून त्याच संध्याकाळी घेऊन टाका. पालखी पुण्यात मुक्कामाला असते ते दिवस सोडा, गणपतीचे दहा दिवस सोडा, दिवाळीनंतरचे दोन रविवार चांगले, पोरं गावाहून परत आलेली असतात आणि आयांना फराळाच्या कामातून उसंत मिळालेली असते. चिवडा उरलेला असतो, चहाबरोबर तोच येतो.