बारवेतला एकच दिवा उचलायचा असेल तर: गोडोमध्ये लेव्हल लावायची आणि निवडायची पद्धत

आमच्या सेलू तालुक्यात वालूरची बारव आहे. तिच्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. ती पाहूनच मला बारवेचा गेम करायची ओढ लागली. पहिली लेव्हल मात्र मी आमच्या गावच्या साध्या, चौकोनी बारवेची केली. सात थर, सव्वादोनशेच्या आसपास पायऱ्या, चौतीस कोनाडे, प्रत्येक कोनाड्यात एक दिवा आणि वर छोटा मंडप. गोडो 4 या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बांधायला तीन आठवडे लागले, आणि त्यातला निम्मा वेळ हवी ती वस्तू हाताला लागेपर्यंत गेला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा परभणीहून आला आणि लॅपटॉप घेऊन बसला. अर्ध्या तासात हाक आली, "मामा, मी दिवा उचलायलोय अन् अख्खी भिंतच यायलीय." त्याला शेजारी बसवून जे दाखवलं, तेच इथं लिहितोय.

आधी वस्तू नीट लावा, निवडणं निम्मं तिथंच सोपं होतं. बहुतेक जण सीन ट्रीमध्ये, म्हणजे लेव्हलमधल्या सगळ्या वस्तूंच्या यादीत, जातीनुसार गठ्ठे करतात: सगळ्या पायऱ्या एकीकडे, सगळे दिवे दुसरीकडे, दगड तिसरीकडे. मीही तेच केलं होतं. मग एके दिवशी तिसरा थर वीतभर खाली घ्यायची वेळ आली. त्या थराच्या पायऱ्या एका गठ्ठ्यात, कोनाडे दुसऱ्यात, दिवे तिसऱ्यात. एकेक शोधून निवडताना दोन दिवे वरच राहिले, आणि गेम चालवल्यावर ते हवेत तरंगताना दिसले. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: जे एकत्र हलतं आणि एकत्र लपतं, ते एका आईखाली. (ट्रीमधल्या प्रत्येक वस्तूला गोडो 'नोड' म्हणतो; ज्याच्या पोटात दुसरे नोड असतात ती त्यांची आई.) म्हणून आता माझ्या ट्रीमध्ये 'थर_वरचा', 'थर_दुसरा' असे सात नोड आहेत, आणि त्या थराची पायरी, कोनाडा, दिवा सगळं त्याच्याच पोटात. वालूरसारखी गोल बारव केली तर थर असे वेगळे काढता येणार नाहीत. तिथं मी एकेका फेऱ्याचा नोड करीन.

हे आईनोड 'नोड थ्रीडी' जातीचेच घ्या. नुसता 'नोड' घेतला तर दिसायला फोल्डर होतो, पण साखळी तिथंच तुटते. वरचा नोड हलवला तरी त्याच्या आतल्या वस्तू हलत नाहीत, आणि त्याच्या शेजारी लपवण्या-दाखवण्याचं डोळ्याचं चिन्हही येत नाही. आईनोडची पोझिशन शून्यावर ठेवा आणि त्याला कंट्रोल-एल दाबून कुलूप लावा. मग चुकून तोच निवडून ओढला तरी अख्खा थर सरकत नाही. मुद्दाम थर हलवायचा असेल तेव्हा कंट्रोल-शिफ्ट-एल दाबून कुलूप काढायचं, काम झालं की परत लावायचं.

आता तुम्ही विचाराल, दिवे सात थरांत विखुरले तर संध्याकाळी सगळे एकदम पेटवायचे कसे? त्यासाठी ग्रुप आहेत. दिवा निवडा, बाजूच्या नोड डॉकमध्ये (डॉक म्हणजे कडेची खिडकी) ग्रुप्सच्या टॅबवर जा आणि त्याला 'दिवे' या ग्रुपमध्ये घाला. एक वस्तू कितीही ग्रुपमध्ये असू शकते. ट्रीमधली जागा सांगते वस्तू कुठं आहे, ग्रुप सांगतो तिनं काय करायचं. सीन डॉकच्या शोधपट्टीत जी, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि ग्रुपचं नाव टाकलं की तेवढेच नोड निवडता येण्यासारखे उरतात. त्यातले शिफ्ट धरून पहिला आणि शेवटचा निवडला की इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या वस्तूचे गुण दाखवणाऱ्या खिडकीत) उजेडाचा रंग एकदाच बदलायचा, सगळ्या दिव्यांना लागतो.

नावांबद्दल एक गोष्ट मात्र मराठीत काम करणाऱ्यालाच कळते. मी नोडची नावं मराठीतच देतो, गोडोला ती चालतात. पण 'पायऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा वर्ण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधपट्टीला ते दोन वेगळे शब्द वाटतात. निम्म्या पायऱ्या मी घरच्या कॉम्प्युटरवर टाकल्या होत्या, निम्म्या लॅपटॉपवर, आणि शोधलं की निम्म्याच सापडायच्या. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. म्हणून आता एकवचन: 'पायरी', 'कोनाडा', 'दिवा'. जुनी नावं बदलायला सगळे नोड निवडून उजवी क्लिक करा, 'बॅच रिनेम' मिळेल.

आता भाच्याच्या दिव्याकडे. त्या भिंतीला मी कंट्रोल-जी करून ठेवलं होतं. असं केलं की आतल्या कशावरही क्लिक केलं तरी आईच निवडली जाते. (नाव सारखं असलं तरी हा ग्रुप वेगळा, वरचा वेगळा.) अख्खी भिंत उचलायची असते तेव्हा ही सोय फार कामाची. एकच दिवा हवा असेल तेव्हा सीन ट्रीमध्ये त्या दिव्याच्या नावावर क्लिक करा, माऊस चित्रावर नेऊन एफ दाबा म्हणजे कॅमेरा दिव्याजवळ जाईल, मग डब्ल्यू दाबून दिव्यावर दिसणारा बाण माऊसनं ओढून सरकवा. एकामागे एक वस्तू आल्या असतील तर ऑल्ट धरून उजवी क्लिक करा. त्या ठिकाणच्या सगळ्या नोडची यादी उघडते, कुलूप लावलेलेही त्यात असतात. हवा तो निवडा.

चौकट ओढून निवडताना लक्षात ठेवा, समोर दिसतं तेवढंच येत नाही, चौकटीच्या रेषेत मागं असलेलंही येतं. बारवेत मी हेच उपयोगाला आणतो. नमपॅडवर 1 दाबलं की समोरून बघता येतं, 5 दाबलं की लांब-जवळचा फरक जातो आणि सातही थर आडव्या पट्ट्यांसारखे एकावर एक दिसतात. मग क्यू दाबून, रिकाम्या जागेतून सुरुवात करून, एका पट्टीवर चौकट ओढायची. चारी बाजूंच्या पायऱ्या एकदम येतात. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर एडिटर सेटिंग्जमध्ये 'एम्युलेट नमपॅड' चालू करा.

कोनाडा आणि त्यातला दिवा मी 'सेव्ह ब्रँच अ‍ॅज सीन' करून वेगळा सीन केला आणि त्याच्याच प्रती सगळीकडे लावल्या. मूळ कोनाड्याची कमान बदलली की चौतीसही बदलतात.

शेवटचं, आणि हे मनापासून सांगतो. आतल्या पायऱ्यांवर काम करताना वरचा मंडप आड येतो, म्हणून आपण डोळ्याचं चिन्ह दाबून तो लपवतो. नळदुर्गचा पाणीमहाल करायला घेतला तर तेच होईल. महाल बंधाऱ्याच्या पोटात आहे, भिंत लपवल्याशिवाय आतल्या खोलीत हात घालता येणार नाही. पण हा डोळा फक्त एडिटरपुरता नसतो. लपवलेलं सेव्ह होतं आणि गेममध्येही लपलेलंच राहतं. बारव साफ करणाऱ्या मंडळींना मी रविवारी गेम दाखवला तेव्हा एक आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लेकरा, आपला मंडप कुठाय?" ज्या मंडपात ते लहानपणी बसायचे, तोच मी लपवून विसरलो होतो. मला फार वाईट वाटलं.

आता काम करताना जे जे लपवावं लागतं ते मी 'छप्पर' नावाच्या ग्रुपमध्ये घालतो. मुख्य सीनच्या रेडी फंक्शनमध्ये (गेम सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) एक ओळ आहे: कॉल-ग्रुपला 'छप्पर' हे नाव आणि 'शो' ही आज्ञा. गेम सुरू झाला की मंडप आपोआप जागेवर येतो, मी डोळा उघडायला विसरलो असलो तरी.