स्पायरल रॉड बांधताय? गाइड बसवताना या चुका टाळा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. गरवण्याचा नाद असलेल्या आमच्यासारख्यांचे रॉड याच दिवसांत घरात पसरतात. गाइडं, म्हणजे लाइन ओवायच्या कड्या, बांधलेला जुना थ्रेड सोलला जातो, नवे ब्लँक, म्हणजे रॉडच्या नुसत्या काठ्या, येतात, आणि अलीकडे बहुतेकांना जिगिंगचा (जड आमिष खोल सोडून झटके देत वर खेचायचा) रॉड स्पायरलच बांधायचा असतो. म्हणजे रील वर, पहिलं गाइडही वर, पण पुढची गाइडं बाजूने वळत वळत खाली उतरतात आणि टोकापर्यंत खालीच राहतात.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी पक्कं समजून घ्यायला हवं, कारण बऱ्याच चुका तिथेच सुरू होतात. डोक्यावरची भरलेली घागर तोल सांभाळून न्यावी लागते, कडीला धरलेली बादली आपली आपण सरळ लटकते. रीलसारखीच सगळी गाइडं वर असली की लाइनचा ओढा ब्लँकच्या वरून जातो आणि मोठा मासा लागला की रॉड हातात फिरू पाहतो. तो तसा फिरू नये म्हणून मनगट सतत झुंजत राहतं. गाइडं खाली असली की रॉडला फिरायचं कारणच उरत नाही. अर्धा तास हमूर नाहीतर कोकर ओढून वर आणणाऱ्याला हा फरक हातात कळतो.

स्पाइनला दोष देणं

प्रत्येक ब्लँकला एक जरा ताठ बाजू असते, तिला स्पाइन म्हणतात. ती चुकीच्या बाजूला आली म्हणून रॉड फिरतो, असा समज पक्का रुजलेला आहे. मीही दोन रॉड स्पाइन शोधशोधून बांधले. वर गाइडं असलेला रॉड स्पाइन कुठेही ठेवली तरी फिरतो आणि गाइडं खाली गेली की स्पाइन कुठेही असली तरी स्थिर राहतो. त्यामुळे स्पाइनपायी संध्याकाळ घालवू नका. ब्लँक डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा आणि तो सर्वांत सरळ दिसेल ती बाजू निवडा.

पहिलंच गाइड तिरकं लावणं

वळण लवकर सुरू झालेलं बरं, या विचाराने काही जण रीलजवळचं पहिलं गाइडच वीस-तीस अंश बाजूला लावतात. हे करू नका. ते रीलच्या बरोबर समोर, शून्य अंशावर हवं. जिगिंगच्या बऱ्याच रीलना लाइन पसरवणारी यंत्रणा नसते, आपण अंगठ्याने लाइन पसरवतो. पहिलं गाइड एका बाजूला असलं की लाइन स्पूलच्या, म्हणजे रीलमधल्या लाइन गुंडाळायच्या चाकाच्या, त्याच कडेला साचत जाते. मासा झुंजत असताना तिकडे लक्ष राहत नाही, आणि तो ढीग कोसळला की लाइन अडकते.

शून्य अंश कुठला, हेही रील बसवूनच ठरवा. आधी रील सीट, म्हणजे रील बसवायची बैठक, चिकटवा, रील लावा, स्पूलच्या मधून टोकापर्यंत दोरा ताणा आणि त्याच्या खाली पेन्सिलने रेघ मारा. नुसत्या सीटकडे बघून मारलेली रेघ माझ्या हातून दोनदा चुकली आहे.

नव्वद अंशांचा हट्ट

या सगळ्या कामात सर्वांत जास्त रॉड इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

वळणाच्या दोन रीती आहेत. एकीत चार-पाच गाइडं थोडी थोडी फिरवत खाली नेतात, तिला रॉबर्ट्स रॅप म्हणतात. दुसरी साधी: पहिलं गाइड वर, मध्ये बाजूला एकच छोटं गाइड, आणि पुढची सगळी खाली. या मधल्या गाइडला बंपर म्हणतात. लाइन ब्लँकला टेकू न देणं एवढंच त्याचं काम. मी हीच रीत वापरतो, कारण तिच्यात वजन कमी आणि चुकायच्या जागाही कमी.

आता चूक कुठे होते? गाइडांच्या कोनांच्या तक्त्यात शून्य, नव्वद, एकशे ऐंशी असे आकडे दिसतात आणि लोक बंपर दोन गाइडांच्या बरोबर मध्ये, नव्वद अंशांवर लावतात. पण पहिलं गाइड उंच असतं आणि खालचं पहिलं गाइड बुटकं. समजा, ब्लँकच्या मध्यापासून पहिल्या रिंगचा मध्य २५ मिमी वर आहे आणि खालच्या रिंगचा १० मिमी खाली. दोन्हींत अंतर २८ सेंमी. लाइन सरळ गेली तर या अंतरात ती एकूण ३५ मिमी उतरते. म्हणजे ब्लँकच्या मध्याच्या पातळीला ती १४ सेंमीवर येत नाही, तर पहिल्या गाइडपासून २० सेंमीवर येते. नव्वद अंशांवरच्या बंपरची जागा ती. बंपर मधोमध हवा असेल, तर तिथे लाइन अजून साडेसात मिमी वर असते, त्यामुळे तो नव्वदच्या बराच अलीकडे, पन्नास-साठ अंशांच्या आसपास फिरवावा लागतो. मधोमध आणि नव्वद अंश हे दोन्ही एकदम केलं की लाइन बंपरपाशी मोडून खाली वळते. मग फेक अडखळते, ताणाखाली रिंगवर घर्षण वाढतं आणि बंपर बाजूला ढकलला जातो.

आकडेमोड नको असेल तर दोरा ओवा. पहिलं गाइड आणि खालचं पहिलं गाइड तात्पुरती बांधा, दोरा बाजूने नेऊन ताणा, मग बंपर पुढेमागे सरकवत आणि फिरवत राहा. वरून पाहा, बाजूने पाहा. दोरा ब्लँकपासून सुटण्यापुरताच बाहेर ढकलला जायला हवा आणि वरखाली कुठेही मोडता कामा नये. पुढच्या रॉडची गाइडं वेगळ्या उंचीची असतील, तर हे सगळं पुन्हा करावं लागेल. मागच्या रॉडची मापं जशीच्या तशी उतरवू नका.

बंपर चुकीचा निवडणं

फार बुटका बंपर घेतला की रिकाम्या रॉडवर सगळं ठीक दिसतं, पण ताण आला की लाइन ब्लँकच्या बगलेला घासते. माझ्या एका रॉडवर हे झालं. मालवणहून परतल्यावर रॉड धुताना वॉर्निशवर केसासारखी चर दिसली. विणलेली पीई लाइन ताणाखाली करवतीसारखी चालते. ती चर कार्बनपर्यंत पोचली असती तर तो रॉड तिथेच मोडला असता. मी तो पूर्ण सोलून पुन्हा बांधला.

उलट फार उंच बंपर लाइन विनाकारण बाहेर ढकलतो आणि होडीवर प्रत्येक वस्तूला अडकतो. शक्यतो दोन पायांचं गाइड घ्या, कारण ओढा आडवा असतो आणि एका पायाचं गाइड त्याने पिळवटतं. रिंग लहान चालेल, पण लीडरची, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेल्या जाड दोऱ्याची, गाठ तिच्यातून सहज जायला हवी. तुम्ही वापरता तीच लाइन, तोच लीडर बांधून गाठ ओढून पाहा.

बंपर कोणत्या बाजूला, यावर वाद होतात. वळण डावीकडून असो की उजवीकडून, रॉड फिरणं दोन्हीत थांबतं. रॉड खाली ठेवताना रीलचं हँडल वर राहील असा आपण तो ठेवतो, म्हणून मी बंपर हँडलच्या बाजूला लावतो. मग तो फळीवर आपटत नाही. पण तुम्हाला रॉड होडीच्या काठावर टेकवून मासा ओढायची सवय असेल, तर स्पायरल बांधण्याआधी दोनदा विचार करा. खालची गाइडं थेट काठावर येतात आणि रिंग तडकते. मग टेकणारा भाग मोजून तेवढी जागा तरी मोकळी ठेवा.

डोळ्याच्या अंदाजाने कोन धरणं

१२ मिमी जाडीच्या ब्लँकवर १ मिमीची चूक म्हणजे सुमारे साडेनऊ अंश. टोकाकडे ४ मिमी जाडीवर तोच १ मिमी जवळजवळ २९ अंश होतो. कागदाची पट्टी ब्लँकभोवती गुंडाळा, एक फेरा पूर्ण होईल तिथे कापा आणि घड्या घालून तिचे चार सारखे भाग करा. एक भाग म्हणजे नव्वद अंश. प्रत्येक गाइडसाठी वेगळी पट्टी लागते, कारण ब्लँक निमुळता होत जातो.

रॉडला ताण देऊन न पाहता थ्रेड गुंडाळणं

गाइडं आधी रबरी कड्यांनी बांधा. दातांच्या तारांना लावतात ती छोटी रबरं छान बसतात. इन्सुलेशन टेप ताणाखाली सरकते. रील लावा, लाइन ओवा, पाण्याने भरलेली बाटली टोकाला बांधा आणि रॉड हळूहळू उचला. मोठ्या रॉडला वजन वाढवा, पण मूठ आणि टोक यांच्यात ९० अंशांपेक्षा जास्त वाक येऊ देऊ नका आणि चष्मा घाला. कार्बन फुटतो तेव्हा कपच्या उडतात.

या स्थितीत दोन गोष्टी बघायच्या. वळणाच्या भागात लाइन ब्लँकला कुठे टेकते का, ही पहिली. दुसरी, पुढच्या भागात लाइन ब्लँकचा बाक धरून चालते का. खालच्या गाइडांमुळे लाइन ब्लँकला घासत नाही, म्हणून एखाद-दोन गाइडं कमी करता येतात, हे खरं. पण मोह आवरला नाही तर दोन गाइडांमधली लाइन ब्लँकपासून लांब सुटते, गाइडपाशी तीक्ष्ण कोन होतो आणि सगळा ताण त्या एका जागी येतो. तिथे गाइड वाढवा किंवा अंतर कमी करा.

वळण ब्लँकच्या ताठ भागातच संपवा. ते लवचीक भागापर्यंत लांबलं की रॉड वाकताना बाजूला पिळवटतो.

टिपटॉप, म्हणजे अगदी टोकाचं गाइड, खालच्या बाजूला, १८० अंशांवर यायला हवं. सवयीने हात ते वरच लावतो. म्हणून ते गरम करून लावायच्या डिंकाने चिकटवा, म्हणजे चुकलं तरी ऊब देऊन फिरवता येतं. दोन तुकड्यांच्या रॉडवर जोडाच्या दोन्ही बाजूंना खुणेचा ठिपका हवाच, नाहीतर होडीवर घाईत जोडताना पुढचा भाग फिरलेला राहतो.

पावसाळ्यातली इपॉक्सी

जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर पांढुरका थर येतो. खोली बंद करून आर्द्रता कमी करता आली तर करा, नाहीतर गाइडं थ्रेडने बांधून ठेवा आणि कोरड्या हवेची वाट पाहा. नुसत्या थ्रेडवर असताना गाइड नखाने किंचित सरकवता येतं, ही सवलत इपॉक्सी सुकली की संपते. मी बांधलेला रॉड रात्रभर भिंतीला टेकवून ठेवतो आणि सकाळच्या उजेडात टिपटॉपकडून रीलकडे एकदा पाहतो. रात्री सरळ वाटलेलं एखादं गाइड सकाळी तिरकं दिसतंच.