बीमवरचा स्टिकर वाचून रॅक घेऊ नका

गोदामासाठी रॅक घेताय, तर रॅकचे प्रकार तुम्हाला ठाऊक असतीलच. एवढंच सांगते, की एक्सपायरीचा माल असेल तर जागा वाचते म्हणून ड्राइव्ह-इनच्या, म्हणजे फोर्कलिफ्ट आत शिरून एकामागे एक माल लावते त्या रॅकच्या, नादी लागू नका. शेवटी ठेवलेलं आधी निघतं, जुना माल आत कुजतो. फोर्कलिफ्टही आधी ठरवा. साध्या काउंटरबॅलन्सला, म्हणजे मागे वजन असलेल्या नेहमीच्या फोर्कलिफ्टला, दोन रॅकांमध्ये साडेतीन-चार मीटरची गल्ली लागते.

आता मी फसले ते. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मालाची पॅलेट (लाकडी पाट) ज्यावर बसतात त्या आडव्या बीमवर स्टिकर होता, एका लेव्हलला 2000 किलो. आमची दोन पॅलेट मिळून 1800. नवा माल उंच आला, म्हणून सगळ्यात खालचा बीम दीड मीटरवरून सव्वादोन मीटरवर चढवला. बीम तेच, वजन तेच. पंधरा दिवसांनी झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, हा खांब पोट काढून उभाय." मागून ओळंबा सोडला. दोरी वर टेकली, खाली टेकली, मधे बोटभर फट. संध्याकाळपर्यंत अख्खी रांग वरून खाली रिकामी केली. माझे हात थांबेपर्यंत रात्र झाली.

स्टिकर बीमच्या जोडीचा असतो, तोही वजन सारखं पसरलेलं असेल तेव्हाचा. खांबाचा हिशेब वेगळा. ब्रेसिंग, म्हणजे पुढच्या-मागच्या खांबांना जोडून फ्रेम करणाऱ्या पट्ट्या, खांबाला रॅकच्या खोलीच्या दिशेने धरतं. गल्लीच्या लांबीच्या दिशेने त्याला धरणारा फक्त बीम. तो वर सरकवला की खालचा तुकडा लांबतो. सडपातळ खांब चिरडत नाही, वाकतो, आणि बिनआधाराची लांबी दुप्पट झाली तर वाकण्याविरुद्धची त्याची ताकद जेमतेम पावपट उरते. शिवाय मधल्या फ्रेमवर दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा भार. दोन टनाच्या चार लेव्हल म्हणजे आठ टन, एका फ्रेमवर!

घाबरू नका, हे गणित दोन दिवसांत अंगवळणी पडतं. मला ते दांडिया बाजारातल्या एका काकांनी शिकवलं, आयुष्यभर फॅब्रिकेशन केलेले. "पोरी, बीम नको, खांब बघ." असा माणूस शोधा. फुकट लेआउट काढून देणारा विक्रेता गुरू नव्हे. आणि ड्रॉइंग नसलेले जुने रॅक भंगारातून स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, मालक कितीही मागे लागोत.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, त्यानंतर अनेकांनी जमिनीवरची पॅलेट वीतभर उंच बीमवर घेतली. चांगलं केलं, पण जमिनीवरचं वजन खांबावर येत नव्हतं, आता येतं. ते धरा.

ऑर्डर देताना पहिल्या बीमच्या प्रत्येक उंचीला फ्रेम किती पेलते, त्याचा तक्ता लेखी मागा. "चालतं हो ताई" असं उत्तर आलं तर सही करू नका. तक्ता मिळाला की तो रॅकच्या टोकाला, फोर्कलिफ्टवाल्याच्या नजरेसमोर लावा, आणि बीम हलवायचा झाला तर आधी तिथे जा.